घरातल्या माउलीच्या हाडांना दशी पडू देऊ नका



या पानावर मी आपणांशी एरवी बेणे, लागणीचे अंतर, खोडकीड आणि खोडव्याचे व्यवस्थापन यांविषयी बोलत असतो. या अंकात मात्र विषय थोडा वेगळा घेतला आहे. उसाच्या नोंदीसाठी आणि प्लॉट पाहणीसाठी गावोगाव फिरताना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार डोळ्यांसमोर येते. ओसरीवर खाट टाकलेली असते आणि खाटेवर घरची म्हातारी. विचारले की उत्तर ठरलेले, "न्हाणीत पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. आता वयच झालं साहेब, चालायचंच."

हे 'चालायचंच' मला पटेनासे झाले आहे, कारण माझ्याच घरी तसे घडले. माझ्या आईचे मनगट पहिल्यांदा मोडले तेव्हा ती साठीच्या आत-बाहेर होती. अंगणात, सपाट जमिनीवर, शेणाची पाटी उचलताना तोल गेला आणि हातावर पडली. सहा आठवडे प्लास्टर झाले, हाड जुळले, आम्ही विसरलो. एवढ्याशा पडण्याने हाड मोडले कसे, हे ना आम्ही कोणाला विचारले, ना कोणी आम्हाला सांगितले. तीन वर्षांनी पहाटे न्हाणीत ती पुन्हा पडली. "पाय निसटला बापू, बाकी काही नाही," म्हणाली. आम्हीही तेच मानले. दोन दिवस तेल लावून चोळत बसलो. तिसऱ्या दिवशी पाय उचलेना म्हणून दवाखान्यात नेले, तर खुब्याचे हाड मोडलेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यापूर्वी कधी हाड मोडलं होतं का?" मनगटाचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ती सूचना होती. तेव्हाच यायला हवं होतं."

मी कृषी पदविकेचा माणूस. सभासदाच्या एका एकराचा माती परीक्षण अहवाल नसेल तर मी त्याला दहा वेळा टोकतो. पण आईच्या मनगटाची सूचना मला वाचता आली नाही. चूक माझीच. आई आज काठी घेऊन अंगणापर्यंत चालते, पण बांधीवर जाणे कायमचे बंद झाले. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे होऊ नये, म्हणून डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले ते आपल्या भाषेत मांडत आहे.

हाड म्हणजे लाकूड नव्हे

आपल्याला वाटते हाड म्हणजे वासा. एकदा घडला की घडला. तसे नाही. हाड जिवंत असते. प्रथिनांच्या जाळीवर कॅल्शियम आणि फॉस्फरस बसून ते कठीण होते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठवलेले असते. उरलेले एक टक्का रक्तात व इतरत्र असते, आणि हृदयाचे ठोके, स्नायूंचे आखडणे-सैल होणे त्यावर चालते. म्हणून आहारातून कॅल्शियम कमी आले की शरीर हाडांच्या कोठीतून काढून रक्ताला पुरवते. कोठीतला माल काढत राहिलो आणि भरला नाही, तर जे होते तेच हाडांचे होते.

जुने हाड खरवडणे आणि नवे भरणे हे काम जन्मभर चालू असते. साधारण तिशीपर्यंत भरणे जास्त आणि खरवडणे कमी, म्हणून कोठी भरत जाते. नंतर काही वर्षे बरोबरी राहते. मासिक पाळी बंद झाली की स्त्रीच्या शरीरातले एक संप्रेरक, इस्ट्रोजेन, एकदम कमी होते. हेच खरवडण्यावर लगाम ठेवणारे. लगाम सुटला की पहिली पाच ते सात वर्षे हाडांची झीज फार वेगाने होते. काही स्त्रियांत तर पाचवा हिस्सा हाड या काळातच जाते. या विकाराला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपण हाडे ठिसूळ होणे म्हणू.

ऊस उत्पादकाला हे समजायला अवघड नाही. तुरा आलेला ऊस जास्त दिवस उभा ठेवला की आतून पोकळ होतो, त्याला दशी पडते. बाहेरून बघाल तर उंची तीच, कांडी तीच, रंगही तोच. काट्यावर टाकला की वजन नाही, आणि वाऱ्याने मोडतो तोही आधी. हाडाचेही तसेच. बाहेरचा आकार बदलत नाही, दुखत नाही, सूज नाही. आतली जाळी विरळ होत जाते. पहिल्यांदा कळते ते मोडल्यावरच. म्हणून 'पडली म्हणून मोडले' हे अर्धेच खरे. दशी आधी पडलेली असते, पडणे हे निमित्त.

आपल्या भागात धोका जास्त का?

पहिले कारण ताट. वैनगंगेच्या काठाने आणि झाडीपट्टीत भात हेच मुख्य अन्न. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. ज्वारीत २५ च्या आसपास. दोन वेळा पोटभर भात आणि पातळ वरण खाणाऱ्या बाईच्या पोटात कॅल्शियम किती जाणार, हिशेब आपणच करा. घरी दूध असले तरी ते डेअरीला, नाहीतर नातवाला. घरची बाई शेवटी जेवणार, उरलेले खाणार.

दुसरे कारण पाळी लवकर जाणे. पाश्चात्त्य देशांत पाळी बंद होण्याचे सरासरी वय ५० ते ५१ आहे. आपल्या देशात ते ४६-४७ च्या घरात येते. म्हणजे लगाम चार वर्षे आधीच सुटतो.

तिसरे कारण, अंगावर काढणे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. तो अभ्यास हाडांचा नव्हता. पण आपल्याकडची बाई दुखणे सांगत नाही, आणि आपण विचारत नाही, हे त्यातून लख्ख दिसले. कंबरदुखीचेही तेच. रोवणीला दिवस दिवस वाकायचे, मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करायचा, डोक्यावर सरपणाची मोळी आणायची. मग कंबर दुखणारच, असे तिनेही मानलेले आणि आपणही.

चौथे कारण तंबाखू. विडी-सिगारेटने हाडे झिजतात याबद्दल शंका उरलेली नाही. आपल्याकडे बायकांत खर्रा आणि तंबाखूची मशेरी जास्त. त्याने भूक मरते, तोंड आखडते, दात जातात आणि चांगलेचुंगले खाणेच बंद होते. हाडाला खुराक पोहोचणार कुठून?

पाचवे कारण पाणी. चंद्रपूर जिल्ह्यातील कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दीडच्या वर गेले की पिण्यास अयोग्य. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, मोठ्यांची पाठ-मान ताठ होते. अशी हाडे एक्स-रेमध्ये जाड दिसतात, पण चिवटपणा जातो. खाण्यात कॅल्शियम कमी असले तर हा त्रास वाढतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. गावातल्या पोरांच्या दातांवर असे डाग दिसत असतील तर ग्रामपंचायतीकडे अर्ज देऊन बोअरचे पाणी तपासून घ्या. उथळ विहिरीच्या पाण्यात ते बहुधा कमी असते, पण खात्री तपासणीनेच होते.

कोणती हाडे मोडतात आणि कसे ओळखावे?

तीन जागा मुख्य.

मनगट. पडताना हात टेकला आणि मोडले. हे बहुधा सर्वांत आधी होते. पन्नाशीनंतर, उभ्या उंचीवरून साध्या पडण्याने कोणतेही हाड मोडले, तर ती सूचना समजावी. प्लास्टर निघाले की काम संपले असे समजू नये.

पाठीचा मणका. यासाठी पडावेही लागत नाही. पाण्याचा हंडा उचलला, वाकून पोते ओढले, कधी नुसता जोराचा खोकला आला, तरी आतून पोकळ झालेला मणका चेपतो. पाठीत एकदम कळ येते, आठ-पंधरा दिवसांनी कमी होते. असे दोन-तीन मणके चेपले की पाठीला पोक येते आणि उंची कमी होते. आई पूर्वीपेक्षा दीड-दोन इंच बुटकी दिसू लागली, लुगडे पायात येऊ लागले, तर 'वाकली बिचारी' म्हणून सोडून देऊ नका.

खुबा. हे सर्वांत वाईट. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडलेल्या पाचांपैकी सुमारे एक जण वर्षभराच्या आत दगावतो, असा जगभराचा अनुभव आहे. जीव हाडाने जात नाही, अंथरुणाने जातो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गाठ होते. जे वाचतात त्यांतल्या पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

ओळखण्याची खूण अशी. पडल्यानंतर उठता येत नाही, पाय उचलत नाही, तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलते. असे दिसले तर चोळू नका, ओढू नका, हाडवैद्याकडे नेऊन वेळ घालवू नका. दोन्ही पायांमध्ये उशी किंवा घडी केलेली वाकळ ठेवा, दोन्ही पाय धोतराच्या पट्टीने एकमेकांना सैलसर बांधा, फळीवर किंवा खाटेवर आडवे ठेवून १०८ ला फोन करा. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी, तितका माणूस लवकर उभा राहतो. मी दोन दिवस तेल चोळण्यात घालवले, आपण घालवू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते ऑपरेशन बसते का, याची चौकशी दवाखान्यात शिरतानाच करा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घरात एका पिशवीत ठेवलेले असावे.

खुराकाचा हिशेब

आपण उसाला नत्र, स्फुरद, पालाश किती किलो ते पाठ सांगतो. आता हाही हिशेब पाठ करावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १२००. ते कुठून आणायचे?

गाईच्या दुधाच्या २०० मिलिच्या पेल्यात सुमारे २४०. वाटीभर दह्यात दीडशेच्या आसपास. तीळ तर कॅल्शियमची खाण, शंभर ग्रॅममध्ये १२०० च्या वर. म्हणजे दोन मोठे चमचे, दहा-बारा ग्रॅम तिळाची चटणी खाल्ली तर सव्वाशे ते दीडशे. शेवग्याचा पाला, म्हणजे आपला मुंगणा, शंभर ग्रॅममध्ये ३०० ते ४००. अर्धी जुडी भाजीत गेली तरी दीडशे मिळतात. माठाची भाजी त्याच तोलाची. नाचणी आपल्याकडे पिकत नाही, पण दुकानात मिळते; शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅमच्या एका भाकरीत पावणेदोनशे.

बेरीज करा. एक पेला दूध, एक वाटी दही, दोन चमचे तीळ, मुंगण्याची भाजी आणि एक नाचणीची भाकर: साडेआठशेच्या वर गेलो. वरण, भात, इतर भाजी यांतून शे-दीडशे येतात. हजाराजवळ पोहोचलो, आणि यात विकत आणलेली गोष्ट एकच, नाचणी. मुंगण्याचे झाड तर धुऱ्यावर किंवा सांडपाण्याच्या कडेला फांदी खोवली तरी लागते.

मासे खाणाऱ्यांनी तलावाचे बारीक मासे काट्यासकट खावेत, सुके झिंगे चटणीत घालावेत. कॅल्शियम काट्यात आणि कवचात असते, नुसत्या मांसात फारसे नाही. पावसाळ्यातली तरोट्याची कोवळी भाजी, जवसाची चटणी, कढीपत्ता, हे सगळे आपले जुनेच आहे, पुन्हा ताटात आणायचे एवढेच. पालक चांगला, पण त्यातले कॅल्शियम अंगी कमी लागते. त्याच्यावर विसंबू नये. आणि हाडाची जाळी प्रथिनांची असल्याने डाळ, अंडे, मासे यांपैकी काहीतरी रोज म्हातारीच्या ताटात पडलेच पाहिजे. 'तिला आता काय पचणार' म्हणून नुसत्या पेजेवर ठेवू नका.

काही सभासद विचारतात, पानाचा चुना खाल्ला तर कॅल्शियम मिळते म्हणतात, ते खरे का? चुना हे मोजून द्यायचे औषध नव्हे. त्याने तोंड आणि आतडे भाजते, आणि तो तंबाखूचा सोबती आहे. त्या वाटेने जाऊ नये.

ऊन

खाल्लेले कॅल्शियम रक्तात ओढून घ्यायला ड जीवनसत्त्व लागते. ते अन्नातून फार थोडे मिळते. कातडीवर ऊन पडले की शरीर ते स्वतः तयार करते. शेतात राबणाऱ्या बाईला ते मिळते. पण गुडघे धरले, घरात बसली, की ऊन संपले. अगदी कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. हिवाळ्यात आणि पावसाळ्यातल्या उघडिपीत सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत वीस-पंचवीस मिनिटे हात, चेहरा, पाय उघडे ठेवून ओसरीच्या बाहेर बसवावे. उन्हाळ्यात मात्र जपावे. चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा सकाळी नऊच्या सुमाराला थोडा वेळ पुरे.

ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मोठी इंजेक्शने मनाने घेऊ नयेत. जास्त झाले तर ते मूत्रपिंडाला अपाय करते.

एका पुडीपासून सावध

सांधे दुखतात म्हणून बाजारात, फिरत्या गाडीवर, विनानावाच्या गोळ्या आणि पुड्या मिळतात. घेतल्या की दोन दिवसांत म्हातारी चालू लागते, भूक लागते, चेहरा भरतो. अशा पुष्कळ पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. तीन महिने किंवा जास्त घेतलेले स्टेरॉइड हाडे झपाट्याने पोखरते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड एकदम बंद करू नये, तेही धोक्याचे आहे, पण "डॉक्टर, हाडांचं काय?" हे विचारावे. नाव नसलेली पुडी मात्र घरात येऊ देऊ नये.

हालचाल आणि घराची डागडुजी

हाडावर भार पडला तरच शरीर तिथे भरण करते. रोज अर्धा तास चालणे, आणि घरच्या घरी तीन गोष्टी: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, खांब धरून टाचा दहा वेळा वर उचलणे, खांब धरून एका पायावर दहा मोजेपर्यंत उभे राहणे. याने मांड्यांना बळ येते आणि तोल सावरतो. मणके आधीच चेपलेले असतील तर मात्र वाकून रोवणी करणे, हंडा उचलणे, कमरेतून पिळणे बंद करावे. खाली बसून, पाठ ताठ ठेवून वस्तू उचलावी. पाठदुखी हटतच नसेल तर तज्ज्ञाला दाखवावे. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनने 'सर्च'च्या शोधग्राममध्ये येऊन असे रुग्ण तपासले आहेत. शिबिराची चौकशी तेथे करता येते.

आता घर. म्हातारी बहुतेक वेळा घरातच पडते. न्हाणीतली गुळगुळीत फरशी आणि पावसाळ्यातले शेवाळ हे पहिले शत्रू. आठवड्यातून एकदा चुना-ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासा. न्हाणी आणि संडासात भिंतीला धरायला लोखंडी पाइपाचा दांडा बसवा. गावचा वेल्डर तासाभरात करून देतो. संडास घरापासून दूर असेल तर रात्री टॉर्च उशाशी आणि वाटेत एक दिवा. उंबऱ्याला पांढरा रंग द्या, म्हणजे दिसतो. अंगणात शेळीची दोरी, पाण्याचा पाइप आडवा पडलेला नको. पायात झिजलेली स्लीपर नको. खाट इतकी उंच असावी की बसल्यावर पावले जमिनीला टेकतील. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. दिसत नाही तोच ठेचाळतो. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेणाऱ्यांनी रात्री उठताना आधी खाटेवर मिनिटभर बसून मग उभे राहावे.

तपासणी आणि औषध

हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी असते. दुखत नाही, दहा-पंधरा मिनिटांत होते. नागपूरसारख्या शहरात मिळते. अहवालात टी-स्कोअर असा आकडा येतो. उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात. ६५ वर्षांवरील स्त्रियांनी, आणि हाड मोडलेल्या, पाळी ४५ च्या आत गेलेल्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या स्त्रियांनी त्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

ठिसूळपणा निघाला तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी भागत नाही. झीज थांबवणारी औषधे असतात. त्यांपैकी एक गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही. आडवे झाल्यास अन्ननलिकेला जखम होते. दुसरे औषध वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. कोणते द्यायचे ते मूत्रपिंड आणि दात तपासून डॉक्टर ठरवतील. एक गोष्ट लक्षात ठेवा: ही औषधे घेतली की बरे वाटले असे काही जाणवत नाही, म्हणून लोक मध्येच सोडतात. सोडू नका.

आपला ऊस तोडणाऱ्या बाईविषयी

घरच्या माउलीबद्दल बोललो. पण आपल्या फडात कोयता घेऊन उतरणारी बाईही कोणाची तरी माउली आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांत तिशी-चाळिशीच्या बायका पुष्कळ होत्या. पाळीच्या दिवसांत काम बुडते, दिवसाची मजुरी जाते, हेही एक कारण पुढे आले.

याचा हाडांशी थेट संबंध आहे. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबते. पस्तिशीच्या बाईची हाडे पन्नाशीच्या बाईसारखी झिजू लागतात, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढत असते. म्हणून टोळीतली असो की आपल्या घरची, कोणत्याही बाईला गर्भाशय काढायला सांगितले तर दोन गोष्टी करा: दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातील, मत घ्या, आणि "अंडाशय ठेवणार की काढणार?" हा प्रश्न विचारा. टोळीला फडाजवळ पिण्याचे चांगले पाणी आणि आडोशाची सोय करून देणे हे तर सभासद म्हणून आपल्या हातातले आहे. त्यातूनच अर्धी दुखणी टळतात.

शेवटी एवढेच. दशी पडलेला ऊस पुन्हा भरत नाही. तो वेळेत तोडावा लागतो. हाडांचे त्याहून बरे आहे. चाळिशीत लक्ष दिले तर झीज मंदावते, साठीत औषधाने थांबवता येते, आणि पंधरा वर्षांच्या पोरीला दूध, अंडे, तीळ आणि खेळायला अंगण दिले तर तिची कोठी आत्ताच भरून ठेवता येते. घरात तिघी असतील, आजी, सून आणि नात, तर तिघींच्या ताटांचा विचार एकाच वेळी करा.

पुढच्या वेळी नोंदीला आलो की मी उसाबरोबर आणखी एक गोष्ट विचारणार आहे: "घरी पन्नाशीनंतर कोणाचं हाड मोडलं आहे का? आणि न्हाणीत दांडा बसवला का?" उत्तर तयार ठेवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी